आग्रहापुरतं जपानी

माणूस परकी भाषा दोन कारणांनी शिकतो : पोटासाठी किंवा लग्नासाठी. पुण्यात तिसरंही एक कारण असतं, ते म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधले शिकतात म्हणून. दीनानाथ गोळे यांचं कारण दुसऱ्या प्रकारात मोडतं. लग्न त्यांचं स्वतःचं नव्हतं, ही बाब त्यांच्या प्रयत्नांना अधिकच उंचीवर नेते.

मी धायरीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गोळे पतिपत्नी माझ्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतात. (त्यांच्या बाथरूमच्या गळतीचा विषय इथे काढत नाही. तो सर्वसाधारण सभेत यथावकाश येईल.) त्यांचा मुलगा सलिल नागोयाला नोकरी करतो. तिथल्या चिहारु नावाच्या मुलीशी लग्न करायचं त्याने ठरवलं आणि तसं घरी कळवलं. वासंतीवहिनी दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला पुरणपोळी आवडेल का असं विचारलं, म्हणजे इकडची बाजू मिटली. तिकडची मिटली नव्हती. मुलीचे वडील तात्सुओसान हे एका लहानशा गावच्या नगरपालिकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते 'नाही' म्हणत नव्हते, पण 'हो'ही म्हणत नव्हते. नगरपालिकेत आयुष्य गेलेल्या माणसाचं हे कसब जगभर सारखंच असावं. अखेर त्यांनी कळवलं, की आम्ही उभयता पुण्याला येऊ, घर आणि माणसं बघू, मग ठरवू.

सबब, दीनानाथरावांनी जपानी शिकायला घेतलं.

पुण्यात जपानीचे क्लास कमी नाहीत. पण दीनानाथराव लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढल्यावर आपली चूक कुणी पंचविशीतल्या बाईंनी काढावी, हे त्यांना रुचणं शक्य नव्हतं. त्यांनी माळ्यावरून सलिलचं कॉलेजातलं खोकं काढलं. त्यात जपानी चित्रकथांची पुस्तकं होती, ज्यांना ती मुलं मांगा म्हणतात. एका बेघर तलवारबाजाची लांबलचक कथा. जपानी पुस्तक मागून पुढे वाचतात हे कळल्यावर दीनानाथरावांना एकदम आपलेपणा वाटला. फाइलही ते तशीच वाचत.

पद्धत अशी : चित्र बघायचं, शब्द फोनवरच्या शब्दकोशात शोधायचा, एका कार्डावर तो लिहायचा, मागे अर्थ. कार्डांसाठी घरात साठवलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. (पुण्यात लग्नपत्रिका टाकून देत नाहीत. लग्न मोडलं तरी पत्रिका राहते.) त्यामुळे 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या ओळीखाली 'मुंडके उडविणे' असं सुवाच्य अक्षरात वाचायला मिळे. वासंतीवहिनी कोथिंबीर निवडताना एकेक कार्ड वर धरत.

"हे काय?"

"तलवार उपसणे."

"आणि हे?"

"तलवार म्यान करणे."

"अहो, 'या', 'बसा', 'मीठ हवं का', असं काही आहे का त्यात?"

"त्या गोष्टीत अजून कुणी बसलेलं नाही," दीनानाथराव म्हणाले. "बसले की शिकेन."

त्यांच्या अभ्यासाची खोली दाखवणारं एकच उदाहरण देतो. जपानीत 'तुम्ही' कसं म्हणावं, हा मोठा नाजूक प्रश्न असतो म्हणे. दीनानाथरावांनी तो मुळापासून सोडवला. चित्रकथेत 'किसामा' असा शब्द वारंवार येई. त्याची अक्षरं त्यांनी वेगळी करून पाहिली. पहिल्याचा अर्थ 'मौल्यवान', दुसऱ्याचा 'साहेब'. म्हणजे हा आदराचा कळसच. शिवाय पुरावाही होता : तलवार चालवण्याआधी तिथला प्रत्येक जण समोरच्याला न चुकता किसामा म्हणे.

"काय संस्कारी लोक आहेत बघा," ते मला जिन्यात म्हणाले. "मारायचं, तेसुद्धा अहोजाहो करून."

पाहुणे जानेवारीत आले. मुलाकडची बाजू भरलेली दिसावी म्हणून मलाही बोलावलं होतं. तात्सुओसान बारीक, करड्या कोटातले, हात गुडघ्यांवर ठेवून बसणारे. त्यांच्या पत्नी फुमिएसान सारख्या हसत होत्या, पण एक शब्द बोलत नव्हत्या. मुलीची आई गप्प असणं हे कुठल्याही देशात बरं लक्षण नाही. चिहारु चटपटीत, मोकळी मुलगी. सलिल तिच्या शेजारी बसून दोन्हीकडचं भाषांतर करायला सज्ज होता.

त्याची गरज पडू द्यायची नाही, असं त्याच्या वडिलांनी ठरवलेलं होतं. दीनानाथराव उभे राहिले, कमरेत वाकले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "किसामा!"

सलिलच्या हातातलं सरबत सांडलं. तात्सुओसान हलले नाहीत. फक्त त्यांच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

ताटं आली. दीनानाथराव म्हणाले, "काकुगो शिरो!" (कार्डावरचा अर्थ : तयारीत राहणे.) पहिली पोळी वाढताना म्हणाले, "निगासान झो!" (कार्डावरचा अर्थ : जाऊ न देणे.) सलिल उठला आणि हात धुवायच्या निमित्ताने मला ओढून पॅसेजमध्ये घेऊन गेला. त्याचा चेहरा फार पडला होता.

"काका, बाबा आत्ता काय बोलले माहीत आहे? 'हरामखोरा! मरायला तयार हो! आता तुझी सुटका नाही!'"

"मग थांबव ना."

"थांबवलं तर काय बोलले ते सांगावं लागेल. सगळ्यांना."

तरी तो आत गेला आणि म्हणाला, "बाबा, पुरे आता." वडिलांना वाटलं, मुलगा पोळ्यांचा हिशेब करतोय. त्यांनी त्याच्याकडे जळजळीत कटाक्ष टाकला आणि आग्रह दुप्पट केला. निष्पक्षपणे नमूद करतो, की पुण्यातल्या घरात पाहुण्याला इतक्या कळकळीने वाढलेलं मी पूर्वी पाहिलेलं नाही. तात्सुओसान मुकाट्याने खात होते. प्रत्येक पोळी ते शेवटची असल्यासारखी खात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे ती तशी असूही शकत होती.

अखेर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. दीनानाथराव पोळी उंच धरून गरजले, "तोदोमे दा!" त्यांना म्हणायचं होतं, ही शेवटची एकच. त्याचा खरा अर्थ 'हा अखेरचा घाव' असा होतो, हे मला सलिलने डोळे मिटून सांगितलं.

तात्सुओसान उठले. त्यांनी कोटाचं बटण काढलं, पाय फाकवून उभे राहिले, ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि त्या बारीक देहातून खर्जातला एक आवाज काढला : "काकात्ते कोइ!"

चिहारुला ठसका लागला. सलिल पुटपुटला, "ते म्हणाले, 'हिंमत असेल तर ये!'"

दीनानाथरावांनी पोळी वाढली. वर तूप ओतलं. तात्सुओसान ते उभ्यानेच खाऊन मोकळे झाले, आणि मग दोघे इतके हसले की शेजारच्या फ्लॅटमधल्यांनी येऊन बेल वाजवली. हसता हसता चिहारुचे डोळे भरून आले होते. तिने मोडक्यातोडक्या मराठीत मला सांगितलं, "बाबा ऑफिस... नेहमी, 'हो सर.' हा आवाज, मी पहिल्यांदा."

एवढ्यावर भागलं असतं. पण यजमानांनी आपल्या भाषेत इतकं प्रेम दाखवलं म्हटल्यावर फुमिएसानही उभ्या राहिल्या. त्यांनीही गुपचूप अभ्यास केला होता. तिकडे गावात बसून, फोनवर, आपल्याकडच्या संध्याकाळच्या सासूसुनांच्या मराठी मालिकांवरून, कार्डं करून. त्यांनी वासंतीवहिनींपुढे हात जोडले आणि गोड हसत एकेक शब्द तोलून म्हटलं :

"या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी!"

वासंतीवहिनींच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. त्यांनी पाहुणीकडे निरखून पाहिलं. आणि मग, मी ज्या बाईंना गेली कित्येक वर्षं फक्त 'पाणी आलं का?' एवढंच विचारताना ऐकलं आहे, त्या बाईंनी पदर खोचला आणि मान वळवून म्हटलं, "बघूच, या घराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला राहतात ते!"

मालिका दोघींची एकच होती. फुमिएसान आनंदाने किंचाळल्या आणि पुढचं वाक्य म्हणाल्या. वहिनींनी त्याच्या पुढचं म्हटलं. अख्खा भाग पार पडला, त्यातल्या मध्येच येणाऱ्या ढॅण ढॅण संगीतासकट, ते वहिनींनी ताटावर वाजवलं. शेवटी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तात्सुओसान सलिलकडे वळून काहीतरी म्हणाले. तो होकार होता.

त्यानंतरचे महिने आमच्या सोसायटीच्या इतिहासात आनंदाचे म्हणून नोंदवावे लागतील. दर रविवारी सकाळी वरच्या फ्लॅटमधून फोनवर खुनाच्या धमक्या ऐकू येत आणि पाठोपाठ चौघांचं हसणं. दीनानाथराव चित्रकथेच्या पुढच्या भागातून नवे घाव शिकून ठेवत. तिकडून तात्सुओसान तसल्याच आवाजात उत्तर देत. इकडे वहिनी, तिकडे फुमिएसान, एकमेकींच्या दुधात विष कालवत. त्या काळात माझं छत गळतच होतं, पण मी तक्रार केली नाही.

मग लग्नाच्या भाषणासाठी भाषा पक्की हवी म्हणून दीनानाथराव एकदाचे क्लासला गेले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "कुणाला 'तुम्ही'साठी काही शब्द माहीत आहेत?" दीनानाथरावांनी हात वर केला.

बाई म्हणाल्या, "काका, हा शब्द फार पूर्वी आदराचा होता. आता शिवी आहे. कुणाला म्हणाला नाहीत ना?"

ते दोन दिवस जेवले नाहीत. वहिनींनी समजावलं, मी समजावलं, सलिलने तर फोनवरून शपथा घेतल्या, की तात्सुओसानना पहिल्या क्षणापासून सगळं कळलेलं होतं आणि त्यांना त्यातच मजा वाटत होती. पण लेखापरीक्षकाला एकदा चूक सापडली की ती दुरुस्त व्हावीच लागते. पुढच्या रविवारी दीनानाथरावांनी कॅमेऱ्यासमोर वाकून, अचूक व्याकरणात, क्षमा मागितली. तात्सुओसाननी हात गुडघ्यांवर ठेवले. मग ताठ बसले आणि तितकंच अचूक काहीतरी म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी टाय लावला होता.

फुमिएसाननीही आता रीतसर मराठीचा ऑनलाइन क्लास लावला आहे. लग्न उत्तम पार पडलं. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा येते. रविवारचा फोनही चालू आहे. आपली प्रकृती कशी आहे? उत्तम. आपली? उत्तम. हवा कशी आहे? बरी आहे. ठेवतो.

"अहो," परवा वासंतीवहिनी फोन संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही त्यांना हरामखोर म्हणत होतात, तेव्हा बरं होतं."

दीनानाथरावांनी वही उघडली. त्यांना उद्याचा गृहपाठ होता.

या दोन कुटुंबांची आपणांस कीव आली असेल, तर वाचन थांबवून आपल्या स्वतःच्या व्याह्यांना एक फोन लावावा. ते मराठीच बोलतात, तेव्हा भाषेची अडचण नाही. 'प्रकृती कशी आहे' आणि 'हवा कशी आहे' झाल्यावर काय बोलायचं, तेवढं मात्र लावण्याआधी ठरवून ठेवावं.