दुबईच्या पानावरचा हलवा

जगात कुठल्याही देशात कोणी इंटरनेटवर काहीही शोधो, पहिलं नाव मिठबावातल्या आमच्या घरगुती निवासाचंच दिसणार, असं मी नम्रतावहिनीला छातीठोकपणे सांगितलं होतं. तिने हौसेने नव्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत अजून पालींशिवाय कोणी झोपलं नव्हतं.

"भावजी, माका गिराईक होया," वहिनी म्हणाली. "जग तुमी ठेवा."

मी वेबसाइटची देशागणिक वेगळी पानं केली. जर्मनीला समुद्र, इंग्लंडला ऊन. दुबईतले लोक काय शोधतात ते बघितलं, तर हलवा! मी खुर्चीतून उठलोच. वहिनीच्या हातचा हलवा, म्हणजे आमचा मासा, अख्ख्या पंचक्रोशीत नावाजलेला! दुबईच्या पानावर ठळक लिहिलं, 'खास हलव्यासाठी या!'

थोड्याच दिवसांत ते पान तिकडे पहिलं झळकलं. मूळच्या नागपूरच्या, दुबईत राहणाऱ्या डांगरे कुटुंबाने सगळ्या खोल्या मागितल्या! निरोप आला, "आजी फक्त हलव्यासाठी येताहेत. कसा करता?"

"रवा लावून," मी कळवलं.

"वा, रव्याचा! साजूक तुपात?"

"तेलात. पण खमंग!"

"गोड असतो ना?"

"म्हणजे काय! एकदम ताजा असतो."

डांगरे आले. वहिनीने पहिलं ताट आजींपुढे ठेवलं. आजींनी चष्मा पुसून ताटात बघितलं. ताटातूनही त्यांच्याकडे कोणीतरी बघत होतं.

"अगं बाई! हलवा!" आजी किंचाळल्या.

"होय, हो हलवोच," वहिनी खूश झाली.

"अहो, हलवा म्हणतेय ना!"

"हलवोच आसा, आजी. खावा पोटभर!"

"ताट हलवा! आम्ही शाकाहारी आहोत!"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. त्या मानाने माशाची नजर प्रेमळ होती.

डांगरे बॅगा उचलायला लागले. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती तशीच परसात गेली, मांडवावरचा दुधी उतरवला आणि दूध-साखर घालून दुधीचा हलवा केला. आजींनी वाटी पुसून खाल्ला. बॅगा पुन्हा खोल्यांत गेल्या.

जाताना आजींनी नातवाकडून वेबसाइटवर लिहून घेतलं, "शुद्ध शाकाहारी घर. हलवा अप्रतिम!"

आता जर्मनी म्हणू नका, इंग्लंड म्हणू नका, झाडून सगळ्या देशांत आम्ही शाकाहारी म्हणूनच दिसतो. खोल्या भरलेल्या असतात. वहिनी मासे खायला शेजारी जाते.

वेबसाइटचा तज्ज्ञ म्हणून माझंही काम वाढलंय. मी दुधी किसतो.