टाकीतला थर

१९९३ साली बेल्याजवळच्या एका गावात नळाला बुळबुळीत पाणी येऊ लागलं. जयवंताबाईंची नात जुलाबांनी अंथरुणाला खिळली, तेव्हा बाटलीभर पाणी घेऊन त्यांनी आदिलाबादचं पाणीपुरवठा कार्यालय गाठलं.

"टाकी घासाले मानूस पाठवा, साहेब."

"आधी कारण समजलं पाहिजे, बाई," अभियंता सुधाकरराव म्हणाले. कारणाशिवाय घासणं नियमात बसत नव्हतं.

नमुना हैदराबादला गेला आणि मागोमाग तिथले संशोधक उद्धवराव गावात आले. टाकीच्या भिंतीवरचा थर पाहून ते हरखले. चावडीसमोर त्यांनी गावाला समजावलं. जिवाणू प्रथिनांचे कुरळे धागे बाहेर सोडतात, एक प्रथिन दुसऱ्याला बिलगतं, धागा भिंत धरतो आणि त्या जाळ्यात सगळी वसाहत पक्की बसते.

"मंग घासा ना," जयवंताबाई म्हणाल्या.

"प्रथिनाची घडण कळेपर्यंत थराला हात लावता येणार नाही."

सुधाकररावांनी तत्काळ आदेश काढला. थर संशोधनाधीन असल्यामुळे टाकी धुण्यास मनाई झाली. थराच्या प्रकृतीला अपाय नको म्हणून ब्लीचिंग पावडरही थांबली. शिडीपाशी चौकीदार बसला. गावाने पाणी उकळून प्यावं, असं ठरलं. थर जाड होत गेला आणि अहवालात त्याची प्रगती समाधानकारक ठरली.

नातीला सलाइन लावून आणल्यावर जयवंताबाई बायकांना घेऊन टाकीकडे गेल्या.

"मनाई आहे, मावशी," चौकीदार म्हणाला.

"तुही लेकरं कोनतं पानी पिऊन राह्यली?"

चौकीदार शिडीपासून बाजूला झाला. बायकांनी टाकी रिकामी करून काथ्याने आतून खरवडून काढली. आठवड्यात नात अंगणात खेळू लागली.

सरकारी नमुना नष्ट केल्याबद्दल चौकशी बसली. उद्धवराव आले, स्वच्छ भिंतीवरून हात फिरवत राहिले. जयवंताबाईंना त्यांची दया आली. चहा पाजायला त्या त्यांना घरी घेऊन गेल्या. हात धुताना उद्धवरावांची बोटं रांजणाच्या आतल्या बाजूला लागली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, हा रांजण आतून कधी घासला होता?"

जयवंताबाईंनी पदर सावरला. "टाकीच्या कामात येळच भेटला नाही, साहेब."

उद्धवरावांनी शेजारचा रांजण पाहिला, सरपंचांचा पाहिला, चौकीदाराचाही. थर सगळीकडे होता. कार्यालयाला शिव्या देणारं गाव त्या दिवशी फार कमी बोललं. घरोघर नमुने मिळाल्याने चौकशी मिटली, संशोधन वाढलं आणि उद्धवराव आता घरोघर जातात.

तुमच्या घरी ते अजून आलेले नाहीत, एवढंच.