खिळ्यांचे टायर आणि शनिवारची सहाची वेळ

सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, शनिवारची सहाची वेळ इल्पोच्या हातून कायमची गेली, हे आधीच सांगून टाकतो. आता ते विसरा. वेळ अजून शाबूत आहे, उत्तरेकडच्या ओउलू शहरात रस्त्यांवर बर्फाची काच झाली आहे आणि इल्पो मोठ्या रुबाबात बायकोला सांगतो आहे, "अर्ध्या तासाचं काम."

काम म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून मालवाहू सायकलीला खिळ्यांचे टायर बसवणं. पुढे भला मोठा खोका असलेली ही सायकल गाभण म्हशीइतकी जड. घरची मोटार इल्पोनेच हट्टाने विकायला लावली होती, त्यामुळे त्याची बायको तुइरे या अर्ध्या तासाकडे डोळा ठेवून होती.

"सहाच्या आत आटप," ती म्हणाली. "सौना चुकला तर तू आहेस आणि मी आहे."

इमारतीच्या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच सौना. त्यात शनिवारची सहाची वेळ म्हणजे सिंहासन. कुणी वर गेल्याशिवाय ती रिकामी होत नाही. तुइरेने कित्येक वर्षं वाट पाहिली होती. चौथ्या मजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा अंत्यविधीला ती त्यांच्या मुलांच्याही आधी पोचली होती.

सायकलींच्या शेडमध्ये थंडीने टायर लाकडासारखे ताठ झाले होते. एका बाजूने चढवला की दुसऱ्या बाजूने उडी मारून बाहेर. रबराला ऊब हवी, एवढं इल्पोला कळत होतं. ऊब कुठे मिळते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सर्दी, गुडघेदुखी, घटस्फोटाचा विचार, सगळ्यावर एकच औषध. मग टायरनेच काय घोडं मारलं होतं?

आधी त्याने टायर सौनात नेले. बाहेर काढताच ते पुन्हा ताठ. मग चाकंच आत न्यायची, तर मागच्या चाकात मोटर आणि वायरींचा गुंता. म्हणून अख्खी सायकलच नेली. जुने टायर गुळगुळीत होते. ओल्या फरशीवरून सायकल नव्या नवरीसारखी अलगद आत गेली. आत नव्वद अंश. टायर मळलेल्या कणकेसारखे मऊ झाले आणि नुसत्या हाताने चढले. इल्पोने हवा भरली, शीळ घातली आणि सायकल बाहेर ओढून पाहिली.

ती हलली नाही. खिळे शेवटी पकडण्यासाठीच असतात, आणि त्यांनी जमिनीवरच्या लाकडी फळ्या पकडल्या होत्या.

सहाला तुइरे टॉवेल गुंडाळून आली.

"ही इथे काय करतेय?"

"मऊ होतेय."

"आणि तू?"

"मीही."

तुइरेने त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. बाकापर्यंत जायला वाट नव्हती. ती सरळ खोक्यात चढून बसली. वेळ म्हणजे वेळ. इल्पो सायकल ओढत राहिला, आणि तुइरे खोक्यातून भट्टीच्या तापलेल्या दगडांवर पाणी ओतत राहिली.

सातला हिल्काबाई आल्या. इमारतीच्या अध्यक्ष, आणि सातची वेळ त्यांची. सायकलीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. सौनात सगळे उघडेच बसतात, कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. "जरा सरक गं," म्हणून त्याही खोक्यात बसल्या. मग वाफेतून त्यांची नजर इल्पोवर गेली.

"इल्पो, अंगात काय आहे तुझ्या?"

"जाकीट."

"पायात?"

"बूट. हिल्काबाई, ते सायकल अडकली म्हणून—"

"सायकलीला मी काही बोलले का? तिने निदान कपडे तरी घातलेले नाहीत." त्यांनी आणखी पाणी ओतलं. "इथे लोक भांडले. एकाने मेंढा आणला. पण बूट घालून आजवर कुणी आलं नाही."

"मी याला ओळखत नाही," तुइरे म्हणाली.

इतक्यात उष्णतेने फुगलेली मागची ट्यूब धाडकन फुटली. हिल्काबाईंची पापणीही लवली नाही.

"तुमची शनिवारची वेळ रद्द," त्या म्हणाल्या. "दार लावून घे, वाफ जातेय."

सोमवारी इल्पोने अर्ज दिला, तो असा:

"माननीय अध्यक्ष, वेळ रद्द झाल्याबद्दल तक्रार नाही. तथापि, सदर सायकल अद्याप सौनातच मुक्कामी असून तिने तेथे कधीही कपडे अथवा बूट घातलेले नाहीत. आवाज एकदाच केला, तोही नाइलाजाने. तरी शनिवारची सहाची वेळ तिच्या नावे करण्यात यावी आणि तिचा सोबती म्हणून मला, विवस्त्र, आत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती."