ओळख वाढवण्याची तालीम

पाण्याच्या पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकले, तर ऑगस्टच्या उकाड्यातही ते पुरते वितळायच्या आत ओळख होऊन, वाढून, संपलेली असते. हे हॉलिसने स्वतः पाहिलं होतं. ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होती, आणि म्हणूनच अलाबामातल्या तिच्या विद्यापीठाच्या एका भगिनीमंडळाने, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या निवडक विद्यार्थिनींच्या संघाने, तिला संवाद-नियोजन प्रमुख नेमलं होतं.

काम गंभीर होतं. दर ऑगस्टमध्ये प्रवेश मागणाऱ्या नव्या मुली मंडळाचं पांढऱ्या खांबांचं घर बघायला येतात आणि घर त्यांना बघून घेतं. भगिनींनी त्यांच्याशी मनमोकळं बोलावं, असा नियम होता. मनमोकळेपणात मुलगे, मद्य, देव, राजकारण आणि पैसा हे विषय येत नसत. एक भगिनी बोलत असताना दुसरीने मागून खांद्याला हात लावला, की पहिलीने वाक्य असेल तिथे ठेवून उठायचं आणि दुसरीने ते उचलून पुढे न्यायचं. ही साखळी हॉलिसनेच आखली होती. नंतर पाहुणीला गुण देण्याची पद्धतही तिचीच.

मनात मात्र तिच्या वर्षभर एकच घोळत होतं, की हे घर सोडावं. प्रयोगशाळेजवळ एक खोली बघूनही ठेवली होती. अध्यक्ष लेनिअर वसंतापासून विचारत होती, राहतेस की जातेस, आणि हॉलिस "सांगते" म्हणत होती.

तालमीसाठी खोटी पाहुणी हवी होती. "तूच बस," लेनिअर म्हणाली. "तुला काही पाठ करावं लागणार नाही."

पहिली आली टिली. दोन वर्षं ती हॉलिसच्या खोलीत समोरच्या पलंगावर झोपत होती.

"कुठली गं तू?"

"टिली, अगं, तू आमच्या घरी येऊन माझ्या आईच्या हातचं जेवलीयेस."

"भूमिका सोडू नकोस ना," चेहऱ्यावरचं हसू न हलवता टिली पुटपुटली. मग मोठ्याने, "घरी कोण कोण असतं?"

प्रयोगच आहे तर खरं बोलावं, असं हॉलिसला वाटलं. "बिस्किट होता, आमचा कुत्रा. एप्रिलमध्ये गेला. मी आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडत होते आणि तू विचारलंस, सर्दी झालीय का म्हणून. मला तेव्हा..."

टिलीच्या खांद्याला हात लागला. टिली उठली, मॅरेन बसली.

"तुला कुत्रे आवडतात म्हणे. काय नाव त्याचं?"

"बिस्किट. मेला तो."

"अय्या, किती गोड."

हॉलिसपुढच्या पेल्यातला बर्फ अजून तसाच होता.

मग रीतीप्रमाणे गुण दिले गेले. लेनिअरने निकाल सांगितला. पाहुणी सभ्य आहे, पण जुळलं नाही. पुढच्या फेरीला बोलावू नये.

"तालमीपुरतंच हं," टिली हॉलिसच्या हातावर हात ठेवत म्हणाली. "पण खरं सांगू? मीही नाहीच म्हटलं. जरा रडकी होती गं ती मुलगी."

"ती मुलगी मी होते."

"तू नाही गं. ती."

हॉलिसने गुण पुन्हा तपासले. पद्धत निर्दोष होती, कारण ती तिची होती. पहिल्यांदाच तिला त्या पांढऱ्या खांबांचं घर सुरेख वाटलं. जिथून आपण आपणहून निघणार असतो, तिथल्यांनीच आधी 'नको' म्हटलं, की पाय असे रुततात. तुमचेही रुतले असते.

"बरं, तुझ्या इथल्या खोलीचं काय?" लेनिअरने विचारलं. "आज तरी सांग बाई. राहतेस की जातेस?"

"राहते," हॉलिस म्हणाली. "पण तालीम परत घेऊ. या वेळी मी कुत्र्याचं काढत नाही."