शेगडीजवळ सुकलेलं रक्त

एक्केचाळीस नमुने. एक्केचाळीस तांबडे.

पुण्याहून आलेल्या प्रज्ञेशनं लोहगडवाडीतल्या सगळ्यांचं रक्त तपासायला शाळेत यंत्र मांडलं होतं. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सुकवायचा आणि त्यातून लेझरचा किरण सोडायचा. निरोगी पेशीतून प्रकाश एका तऱ्हेनं वळतो, हिवतापाचा जंतू शिरलेल्या पेशीतून दुसऱ्या. तसं झालं की पडद्यावर ती पेशी तांबडी. आज पडदा नुसता कुंकू सांडल्यासारखा दिसत होता.

ग्रामसेवक राजेंद्र भाऊसाहेबांनी तो पाहिला आणि कुणाला न विचारता मोबाइल काढला.

गावाचा ग्रुप, ९.१० : लोहगडवाडीत सर्वांना हिवताप. पर्यटकांनी येऊ नये. टपऱ्या बंद.

कणसं भाजून विकणाऱ्या शालूबाईनं तेव्हाच टपरीवर मक्याचं पोतं सोडलं होतं. अख्ख्या पावसाळ्यात रविवार येऊन येऊन किती येणार, आणि त्यांच्यावरच तिचं वर्ष निघायचं. समोरून गाड्या माघारी वळायला लागल्या, तशी ती पदर खोचून शाळेत शिरली.

"भाऊसाहेब, सगळ्या वाडीला येकदम ताप? आन् आंथरून कुणीच धरलं न्हाई?"

"मावशी, मशीन खोटं बोलत नाही."

"मंग मशीनवाल्याचं रगात बगा."

प्रज्ञेश हसला. त्यानं बोट टोचलं, काच सुकायला ठेवली. ती सुकता सुकेना. शेवटी किरण सोडला.

तांबडं.

हसू गेलं.

१०.०५ : यंत्रवाले साहेबही बाधित. शाळेत प्रवेश बंद.

"बाळा," शालूबाई म्हणाली, "ह्या धुक्यात माजं मीठ डब्यात पाणी सोडतंय. काडी पेटत न्हाई. तुजी काच काय उनात वाळली व्हय?"

प्रज्ञेशनं काच उजेडात धरली. पुण्यात काच बघता बघता सुकायची. इथं पेशींत ओल अडकली असेल, तर प्रकाश तिच्यातूनही वेडावाकडा वळणारच.

शालूबाईनं यंत्रासकट त्याला टपरीवर ओढून आणलं. "शेगडीवर ठिवू नगं, करपंल. तळहात सोसंल तितं ठिव." ती पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. सगळी वाडी पुन्हा बोटं पुढं करून रांगेत उभी राहिली. रांग बघून माघारी निघालेले दोन ट्रेकर थांबले.

"मक्यासाठी बोट टोचतात?"

"आदी गाववाल्यांचं रगात, मंग तुमचा मका. हुबं ऱ्हावा."

एकेक काच स्वच्छ निघाली. प्रज्ञेशचीही. गावाच्या चाळीस काचा झाल्या. एक्केचाळिसावी त्यानं तीनदा पाहिली. तीनदा तांबडी.

"कुणाची?"

"मावशी... तुमची."

चार दिवस ती शेगडीला चिकटून बसत होती. अंगातली हुडहुडी धुक्याच्या नावावर खपवत होती.

भाऊसाहेबांचा अंगठा मोबाइलवर धावला : लोहगडवाडीत हिवता

"थांबा! वाडीचं नाव कशापायी? माजं लिवा. ताप माजा हाय."

"पण टपरी बंद ठेवावी लागेल."

"का? सायेब, ह्यो मक्यातनं लागतोय का?"

"नाही. डास चावूनच," प्रज्ञेश म्हणाला.

"आयकलं? लिवा."

१.१५ : हिवताप फक्त शालूबाईंना. मक्यातून पसरत नाही. औषध आजच सुरू. टपऱ्या चालू.

मग घोंगडी ओढून ती मागच्या बाकड्यावर आडवी झाली. गाड्या पुन्हा वर चढू लागल्या. शेगडीपुढं बसायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. टपऱ्या बंद करणारे भाऊसाहेब पुठ्ठा हलवत बसले.

"काका, एका बाजूनं कच्चं आहे हे," ट्रेकर म्हणाला.

घोंगडीतून आवाज आला, "भाऊसाहेब, फिरवा की ते कणीस! सरकारी काम हाय व्हय ते?"