गोगट्यांचा पक्षी

रात्रीचं जेवण भर उन्हात जेवणारा आमच्या सोसायटीत एकच माणूस होता, आणि तो माझ्या डोक्यावर राहायचा. म्हणजे वरच्या मजल्यावर. गोगटेकाका.

महिन्यातून एका शनिवारी हे गृहस्थ राखाडी सफारी चढवून, काकूंना घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला जायचे. तलावाकाठी एक भारी हॉटेल होतं. गालिचे, पितळी दांडे, दारात फेटेवाला. तिथे सव्वासहाला पोचायचं आणि दिवे लागायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. कारण सातच्या आत ऑर्डर दिली की बिल निम्मं. नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. अशी काही सवलत जगात असते हे आम्हाला काकांमुळे कळलं, आणि कळल्यावर आम्ही त्यांना चिक्कू म्हणायला मोकळे झालो.

माझी आई तर वैतागायची. "तिन्हीसांजेला कुणी जेवतं का हो? लक्ष्मी घरात यायची वेळ, आणि तुम्ही ताटावर."

"वहिनी, म्हणून तर आम्ही बाहेर जातो," काका म्हणायचे. "तिला घर मोकळं मिळतं."

या सवलतीला काका 'पक्षी' म्हणत. त्याचं कारण ते स्वतःच रंगवून सांगायचे. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्यात होते. तिथल्या साहेबाच्या निवृत्तीची पार्टी त्या हॉटेलात झालेली. टेबलावर एक कार्ड उभं होतं. त्यावर इंग्रजीत ठळक 'अर्ली बर्ड', आणि खाली 'निम्म्या दरात'. काकांना वाटलं, कोंबडीचा काहीतरी प्रकार आहे आणि आता तो आपल्या ताटात पडणार. त्यांनी वेटरला बोलावून बजावलं, "नो बर्ड. वुई प्युअर व्हेज. अर्ली नको, लेट पण नको." मग मॅनेजर आला, त्याने पक्ष्याचा अर्थ समजावला, आणि गोगट्यांच्या आयुष्याला वळण लागलं.

बिल्डिंगमध्ये फोन फक्त आमच्याकडे. शनिवारी सकाळी काका यायचे, रिसीव्हर दोन्ही हातांत धरायचे आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू व्हायचे. "हॅलो, गोगटे बोलतोय. डोंबिवली. आज पक्षी आहे ना? नाही हो, खायचा नाही. आपला नेहमीचा. आणि खिडकीचं टेबल. पश्चिमेच्या." पुढे पुढे तिकडची मुलगीच म्हणायला लागली, "हां गोगटे साब, पक्षी है."

हे पश्चिमेचं प्रकरण मला कधी कळलं नाही. मुलुंडला एका हॉटेलात सातऐवजी साडेसातपर्यंत सवलत होती, शिवाय वर आइस्क्रीम. मी उत्साहाने काकांना सांगायला गेलो. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "खिडक्या कुठल्या दिशेला?" मला काय माहीत. ते स्वतः जाऊन बघून आले. "पूर्वेला आहेत रे. काय उपयोग." मी मनात म्हटलं, हा माणूस जेवायला जातो की सूर्यनमस्कार घालायला.

दुसरी गंमत म्हणजे पक्षी बारा महिने असायचा, पण थंडीत काका जायचे नाहीत. दिवाळी झाली की बंद, शिमग्यानंतर सुरू. विचारलं तर म्हणायचे, "थंडीत इतक्या लवकर भूक लागत नाही." सगळं जग म्हणतं थंडीत भूक वाढते. पण गोगट्यांशी वाद घालायला वेळ कुणाला होता.

एकदा त्यांनी मला आणि माझ्या बायकोला, सुधाला, बरोबर नेलेलं. पावसाळ्याचे दिवस, बाहेर आभाळ भरून आलेलं. मी आयुष्यात इतका शरमिंदा झालो नव्हतो. काकांनी मेनूकार्ड पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. ताट आल्यावर काकूंना सूचना सुरू. "पनीर बारा वाजता. डाळ तीन वाजता. सहा वाजता लोणचं, तिखट आहे, जपून." काकू मुकाट्याने त्या त्या ठिकाणी घास घ्यायच्या. उठताना काका म्हणाले, "पायरी," आणि त्यांच्या कोपराला धरलं. घरी येताना सुधा धुसफुसत होती. "घड्याळ लावून जेवायला घालतो हा माणूस बायकोला. काकूंच्या जागी मी असते तर ती डाळ तीन वाजता यांच्या सफारीवर ओतली असती."

काकूंबद्दल बायकांचं वेगळंच मत. कुमुदकाकू संध्याकाळी कुणाकडे हळदीकुंकवाला जायच्या नाहीत, कोजागिरीला गच्चीवर यायच्या नाहीत. कुणी म्हणे शिष्ट आहे, कुणी म्हणे वर्गणी द्यावी लागेल म्हणून नवराच पाठवत नाही. काकांनी दोन्ही ऐकलेलं होतं. ते नुसते हसायचे.

आणि मग तो मे महिन्याचा शेवटचा शनिवार.

त्या दिवशी सकाळीच रिक्षांचा संप झाला, त्यात गाड्या कुठेतरी अडकल्या म्हणून स्टेशन तुंबलेलं. काका साडेचारला माझ्या दारात. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या जुन्या फियाटकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"शरद, गाडी काढतोस का? सातच्या आत पोचायचंय."

खरं सांगायचं तर मला राग आला. शनिवारची माझी झोप होती. "काका, पुढच्या महिन्यात जा ना. पक्षी कुठे उडून चाललाय?"

"पुढच्या महिन्यात पाऊस लागेल. आभाळ भरून येतं," ते म्हणाले. "आजचाच दिवस आहे रे." आणि या माणसाने चक्क हात जोडले. मी किल्ली घेतली.

काकू खाली उभ्याच होत्या. हिरवीगार पैठणी, अंबाडा, त्यावर मोगरा. मी त्यांना इतकं नटलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काय काकू, लग्नाचा वाढदिवस?" त्या म्हणाल्या, "नाही रे, सहज. ही साडी बरेच दिवस बघितली नव्हती."

मानपाडा रोडने निघालो. पाच वाजले होते. काकांचं घड्याळ कायम सात मिनिटं पुढे असायचं. दर दोन मिनिटांनी ते मनगट बघायचे, मग मान वाकवून सूर्य बघायचे. शीळफाट्याच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या दिसल्या. एक ट्रेलर आडवा झालेला, त्याच्यावरचे लोखंडी पाइप रस्ताभर. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये आमची फियाट.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. इंजिन तापलं म्हणून बंद केलं. आत भट्टी पेटल्यासारखी. काका उतरून पुढे जाऊन आले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले.

"किती वाजले हो?" मागून काकूंनी विचारलं.

"वेळ आहे अजून," काका म्हणाले.

सव्वासहाला माझा संयम सुटला. "काका, सात वाजून गेले तर राहू दे ना ती सवलत. वरचे पैसे मी भरतो. त्या निम्म्या बिलासाठी जीव काय काढताय आमचा?"

काका माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पैशाचं नाही, शरद," ते हळू आवाजात म्हणाले. "तू फक्त गाडी चालव."

मी आतून चरफडतच होतो.

शेवटी एक गाववाला म्हातारा आमच्या खिडकीशी वाकला. "आतून घाल गारी, दादूस. गावातून निंगशील पुरं." मी ट्रकच्या कडेने फियाट खाली उतरवली. गल्ली इतकी अरुंद की एका घराच्या ओट्यावर वाळत घातलेली सुकी मासळी बायांनी उचलून घेतली तेव्हा आम्ही सुटलो. गाडीला दोन ओरखडे पडले. एरवी मी त्यावर आठवडाभर बोललो असतो. मुंब्र्यात पुन्हा दहा मिनिटं गेली, कळव्याच्या पुलावर पाच. काका आता घड्याळ बघतच नव्हते. नुसते सूर्य बघत होते, आणि तो खाली चालला होता.

हॉटेलच्या दारात पोचलो तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती. काकांनी काकूंचा हात धरला आणि जवळजवळ पळतच आत गेले. मी मागे.

मॅनेजर ओळखीचा. तो ओशाळून म्हणाला, "गोगटे साब, अर्ली बर्ड तो बंद हो गया. मशीन सात बजे के बाद लेता ही नहीं."

"राहू दे. पूरा पैसा लो," काका म्हणाले. "खिडकी दो."

मी जागच्या जागी थिजलो. गोगटे पूर्ण पैसे देत होते. न मागता.

"खिडकीवाला टेबल साडेसात को रिझर्व्ह है, साब. अंदर अच्छा टेबल देता हूँ. कँडल भी लगा देता हूँ."

"कँडल नको. वीस मिनिट दो. सिर्फ वीस मिनिट." मॅनेजरने एकदा त्यांच्याकडे, एकदा काकूंकडे पाहिलं आणि स्वतः खुर्ची ओढून दिली.

तलावावर पिवळं ऊन आडवं पसरलं होतं आणि ते सरळ टेबलावर येत होतं. काकांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. "दोन ज्यूस," म्हणाले आणि काकूंच्या समोर, उजेडात तोंड येईल असे बसले. मी शेजारच्या टेबलाशी बसलो. काकू बघत होत्या. आधी तलाव, मग पदराचे मोर, मग ज्यूसचा पेला, आणि मग बराच वेळ काकांकडे.

"भुवई पांढरी झाली की हो तुमची," त्या म्हणाल्या. "डावी. कधी झाली?"

"झाली असेल शिमग्याला."

"आणि हा डाग कसला गालावर?"

"लाल रंग उडाला कारखान्यात. निघेल."

"नका काढू," काकू म्हणाल्या. "राहू दे तसाच."

ऊन तलावावरून उचललं गेलं. सात-वीसला काकूंनी पेल्याकडे हात नेला आणि तो चार बोटं बाजूला, रिकाम्या टेबलावर पडला. काकांनी पेला सरकवून त्यांच्या हाताशी लावला. "एक वाजता," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, आणि मला माझीच लाज वाटली.

नंतर बेसिनपाशी काकांनी सांगितलं. काकूंना वीस वर्षं रातांधळेपणा होता. दिवे मंद असले की काहीच दिसायचं नाही, आणि भारी हॉटेलात दिवे मंदच असतात. काकूंना हौस, चांगल्या ठिकाणी नटून जावं, चारचौघांसारखं ताटातलं बघून जेवावं. म्हणून उन्हाची वेळ, पश्चिमेची खिडकी, आणि ऊन लवकर मावळतं म्हणून थंडीची सुट्टी. सवलत नंतर सापडली. "सापडली ते बरंच झालं," काका म्हणाले. "लोक मला चिकट म्हणायला लागले, तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही. तिला बिचारी म्हटलेलं आवडत नाही."

"मग आज एवढी घाई?"

त्यांनी नळ बंद केला. तो आधीच बंद होता. "डॉक्टर म्हणाले, आता दिवसाचंही जाणार. दिवाळीपर्यंत. तिला माहीत आहे. तीच सकाळी म्हणाली, एकदा त्या खिडकीच्या उजेडात नीट बघून घेते तुम्हाला."

येताना गाडी अगदी हळू चालवली. काका मागच्या सीटवर काकूंजवळ बसून खिडकीबाहेरचं सांगत होते. खाडी आली, पूल आला, मुंब्र्याचे दिवे आले.

त्या वर्षी कोजागिरीला गोगटे गच्चीवर आले नाहीत, आणि सुधाने कुणाला त्यांच्याबद्दल काही बोलू दिलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी काका फोन करायला आले. थंडीत पहिल्यांदाच. रिसीव्हर दोन्ही हातांत धरला, पण आवाज बारीक होता. "हॅलो, गोगटे बोलतोय. डोंबिवली. टेबल हवं होतं. दोघांसाठी." पलीकडची मुलगी काहीतरी म्हणाली. "नाही, पक्षी नको. साडेआठला दिलंत तरी चालेल." ती पुन्हा काही बोलली. "कुठलंही द्या हो. खिडकीचं नको."

त्यांनी फोन ठेवला. मी म्हटलं, "काका, गाडी काढतो. किती वाजता निघू या?"

"निघू रे सावकाश," ते म्हणाले. "आता काही घाई नाही."