शमुवेलकाकांची लाल पेन्सिल

देवाला लिहिलेल्या चिठ्ठीवर लाल पेन्सिल चालवणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शमुवेलकाका.

बमरोलीत, कापड कारखान्यांच्या वस्तीत, आमच्या चाळीतली शेवटची खोली त्यांची. दर रविवारी जवळच्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळींची प्रार्थना असते. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने चिठ्ठी लिहून काकांच्या दाराशी टांगलेल्या डब्यात टाकायची. काका शनिवारी डबा उघडतात, चिठ्ठ्या दुरुस्त करतात आणि रविवारी सगळ्यांसमोर वाचतात. आम्ही ख्रिस्ती नाही, पण चाळीतले आमच्यासारखेही कितीतरी जण चिठ्ठी टाकतात. काका कुणाला नाही म्हणत नाहीत आणि कुणाला हॉलमध्ये चलही म्हणत नाहीत.

काका मूळचे जालन्याकडचे. कापड मार्केटातल्या एका ऑफिसात इंग्रजी पत्रं टाइप करण्यात त्यांचा जन्म गेला. ते सांगतात, "शेठ पानभर बोलायचा, मी चार ओळी टाइप करायचो. समोरच्याला तेवढंच पुरायचं. टू द पॉइंट!"

नोकरी संपली, पण सवय गेली नाही. एकदा शेजारच्या विमलची चिठ्ठी हातात घेऊन ते तिच्या दारात उभे राहिले. मी तिथेच तांदूळ निवडत होते.

"विमल, दोन प्लीज कशाला? एकात काम होतं."

"काका, देवाला जरा आग्रह नको का?"

"जेवायला बसवलंय का त्याला? आणि हे अर्जंट काढ. देव काय ॲम्ब्युलन्स आहे? आणि टेन्शन टेन्शन काय लावलंय! कसलं टेन्शन ते लिही."

"सासूचं."

"मग सासू लिही."

"आणि रविवारी सासू पहिल्या रांगेत बसते, तिचं काय करू?"

काकांनी लाल पेन्सिल काढली. मग त्यांनी सगळं खोडलं आणि वर लिहिलं, 'घरात शांती असावी.' विमल म्हणाली, "एवढंच? मग मी कशाला एवढी शाई घालवली?"

चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, पोरं त्यांना घाबरतात. एक जण म्हणाला, "ॲक्च्युअली काका, मी कालच येणार होतो." काका म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत बोललास ते खोटं होतं का?" तेव्हापासून तो त्यांना बघून चहा तसाच टाकून जातो.

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना मी ऐकली आहे. "बापा, जेवण मिळालं. थँक यू. आमेन." आमचे हे हसतात. म्हणतात, "हाऊ म्हातारा देवले तार करस का?"

पण दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हा काकांचं वेगळंच रूप पाहिलं. लोकांनी फोनवर आर आय पी अशी तीन अक्षरं पाठवली. काकांनी एकेकाला फोन लावला. "माझी बायको गेली आहे. पूर्ण लिही." इतकं कमी लिहिलेलं त्यांना आवडलं नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काकू माझ्याशी फार मायेने वागायच्या. मी कुणाशी बोलत नाही, पण त्यांच्याशी बोलायचे. त्या गेल्यावर काकांना दुपारचा डबा मी देऊ लागले. उंबऱ्यावर ठेवायचा आणि परत फिरायचं. काका आतून म्हणायचे, "थँक यू." मला त्यावर काय म्हणायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मी पळायचे.

मग आमच्या घरावर वेळ आली. ह्यांना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालं, आणि डावा आधीपासूनच अधू. हे खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, लूम चालवतात. तार, म्हणजे धागा, तुटला की दिसायला हवा, नाहीतर कापडात डाग राहतो. हे बोटांनी चाचपून जोडत होते. खात्यात कळलं तर शेठ दुसरा माणूस ठेवणार. दवाखान्यात चला म्हटलं की हे चिडायचे. "माले बठ्ठं दिखस!" सगळं दिसतं म्हणे. त्या खात्यात विमलचा नवराही होता, म्हणून मी विमललाही सांगितलं नाही.

मी चौथी शिकले आहे. तीन दुपारी बसून मी दीड पान लिहिलं. वाळत घातलेल्या माझ्या साडीला हे एकदा म्हणाले होते, चहा टाक, तेही लिहिलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि गुपचूप चहा टाकला, तेही लिहिलं, आणि मी चौथीच शिकले आहे, चुकलं तर माफ कर, असंही. नाव घातलं नाही. चिठ्ठी डब्यात टाकली आणि मग रविवारपर्यंत झोप लागेना. सगळ्यांसमोर वाचली तर? हॉलमध्ये विमल असणार.

रविवारी विमल परत आली आणि म्हणाली, "आज कुणाची तरी चिठ्ठी होती बाई. 'एका बहिणीला घरची काळजी आहे.' बास! काळजी कुणाला नसते? काकांनी तर कमालच केली."

माझा जीव भांड्यात पडला, आणि रागही आला. दीड पानाचं एवढंसं केलं! माझं देवापर्यंत काय पोचलं असेल?

मंगळवारी भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन गेले. दार लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता. ते वाचत होते. "हे साडीला म्हणाले, चहा टाक. मी ऐकलं आणि चहा टाकला. त्यांना अजून माहीत नाही."

माझीच चिठ्ठी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळूहळू, एक शब्द न गाळता. मी डबा धरून उभी राहिले. वाचून झाल्यावर काका म्हणाले, "प्रभो, ही बाई चौथी शिकली आहे. यातलं काही कमी करता येतं का ते मी बघितलं. येत नाही." मग विमलची चिठ्ठी वाचली, दोन्ही प्लीजसकट, सासूसकट. मग आणखी कुणाकुणाच्या. शेवटी म्हणाले, "आणि माझं..." चिठ्ठ्या घडी घालून ठेवल्या. मग म्हणाले, "माझं तुला माहीतच आहे. आमेन."

मी कडी वाजवली. पळाले नाही.

"काका, तुम्ही सगळं वाचता?"

ते चष्मा पुसायला लागले. "लोकांपुढे थोडं वाचायचं. लोक घरी घेऊन जातात. त्याच्यापुढे सगळं वाचायचं. त्याला कुठे सांगायला जायचंय?" मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुझा नवरा सुट्टीवर कधी असतो?"

काकांनी ह्यांना काय सांगितलं मला माहीत नाही. दोघं सकाळी बाहेर पडले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आले. खात्यात रजेचा अर्ज काकांनीच लिहिला. हे म्हणाले, "गावाकडे लग्न आहे असं लिहा ना." काका म्हणाले, "खोटं टाइप केलेलं नाही कधी. घरगुती कारण लिहितो. डोळा घरातलाच आहे ना?" ऑपरेशनच्या दिवशी काका माझ्यासोबत दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पट्टी निघाल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू इतकी बारीक कधी झालीस?" महिन्याने हे लूमवर गेले. तार दिसतो.

थँक यू म्हणायला मी दोनदा काकांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा तोंड उघडलं नाही. म्हणून लिहिलं. 'देवा, शमुवेलकाका सगळ्यांचं तुला सांगतात. त्यांचं सांगायला कोणी नाही. काकू गेल्यापासून ते एकटे जेवतात. डबा रिकामा परत येतो, पण मला माहीत आहे, ते अर्धी भाकरी कुत्र्याला घालतात. एकट्याला जेवण जात नाही. त्यांनी आमचा डोळा वाचवला. त्यांचं बघ.' खाली नाव घातलं नाही. माझं अक्षर त्यांना माहीत होतं.

रविवारी ती चिठ्ठी वाचली गेली नाही. वाचली असती तर विमलने दहा घरी सांगितली असती.

सोमवारी दुपारी मी काकांचा डबा भरत होते. ह्यांची रात्रपाळी होती, म्हणून हे घरीच होते. दारात पावलं वाजली. काका उभे होते, आपलं ताट आणि पेला घेऊन. काकू गेल्यापासून ते कुणाच्या घरी जेवले नव्हते.

"डबा भरू नकोस," ते म्हणाले. "ताटात वाढ. तिघांचं."

हे सरकून बसले आणि आपल्या शेजारी दुसरा पाट टाकला.